चार तारांचा ताणा

जगात बेस गिटार वाजवणारे पुष्कळ असतील, पण ती एकदाही न वाजवता तिची एवढी सेवा करणारा माणूस माझ्या बायकोच्या मामांखेरीज दुसरा जन्माला आला नसेल. सीमाभागातल्या वडगावात मामांचे चार यंत्रमाग होते. उभ्या आयुष्यात त्यांनी साड्या विणल्या, आणि मागांच्या शेजारी बसून मामींनी सुताच्या कांड्या भरता भरता अभंग म्हटले. त्या खटखटाटात शब्द कुणाला कळायचे नाहीत, पण खाली मोटारीचा जो अखंड घूंऽऽ चाललेला असायचा, त्याला मामींचा सूर घट्ट धरून असायचा. पुढं साड्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही, माग भंगारात गेले आणि मामींचं गाणंही थांबलं. "सूरच घावंना झालाय," एवढंच त्या म्हणाल्या. माग गेल्याचं दुःख मामांनी आठवड्याभरात गिळलं. गाणं गेल्याचं मात्र त्यांना गिळता येईना.

उपाय म्हणून त्यांनी शेजारच्या खासबागेतल्या एका माणसाकडून, ज्याचा ऑर्केस्ट्रा नुकताच मोडला होता, एक स्वस्तातली बेस गिटार आणली. नेहमीच्या बेसपेक्षा वीतभर आखूड, सोबत एक जुना स्पीकर. मी विचारलं, "मामा, मामींसाठी तंबोरा नाही का आणायचा?" तर म्हणाले, "पावणं, तंबोरा लई नाजूक बोलतोय. तिला खर्जातलं कायतरी पायजे, मोटारीगत."

विचार चांगला होता. पण मामांच्या हाती कुठलीही वस्तू आली की ती आधी उघडली जाते. घरातला मिक्सर त्यांनी नवा असतानाच उघडला होता आणि जावयाच्या, म्हणजे माझ्या, स्कूटरचीही गय केली नव्हती. गिटारीची तार जिच्यावरून जाते ती प्लॅस्टिकची पट्टी त्यांनी काढली आणि तिथं हाडाची बसवली. खाली तारा अडकवायचा पत्र्याचा ब्रिज गेला, पितळेचा आला. खुंट्या पसंत पडल्या नाहीत म्हणून गिटार सतरंजीत गुंडाळून ते कोल्हापूरला गेले. येताना सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर पोलिसानं बस थांबवली आणि ते गाठोडं बघून कानडीत विचारलं, "एनिदु?" हे काय? मामा बेधडक म्हणाले, "मग्गद सामान री." मागाचं सामान! पोलिसानं एकदा गिटारीकडं, एकदा मामांच्या तोंडाकडं पाहिलं आणि खाली उतरला. मामा खोटं बोलले असं मला आजही वाटत नाही.

तारा बदलल्या तेव्हा तर कळसच झाला. ताण्यातला एक धागा ढिला राहिला तर अख्खी साडी वाया जाते, हे ज्याच्या बोटांत मुरलंय त्यानं दुसरं काय करावं? मामांनी चारी तारा बोटानं दाबून दाबून अगदी सारख्या ताणल्या. खासबागेचा तो माणूस ऐकायला आला आणि त्यानं कपाळाला हात लावला. "काका, ह्यो सूर कुठला म्हनायचा?"

"सुराचं मागनं बघू," मामा म्हणाले, "एक तार ढिली घावली तर मिशी काढतो."

या साऱ्या दुरुस्तीत गिटारीला जोडलेला स्पीकर मात्र दिवसभर चालू असायचा. आणि याच दिवसांत मामी स्वयंपाकघरात पुन्हा गुणगुणू लागल्या. माझी बायको म्हणाली, आजोळी मी राहायला आले म्हणून. डॉक्टरांनी टॉनिकला श्रेय दिलं. मामांच्या मते ही सगळी पितळी ब्रिजची करामत होती.

आता एकच खोट उरली होती. वायर जोडली की गिटार हात न लावताच घूंऽऽ करायची. स्वस्तातल्या गिटारीला हा रोग असतोच, आतून तांब्याचा पत्रा चिकटवा, असं खासबागकरांनी सांगितलं. मामांनी आठ दिवस खपून पोटातला कोपरान्‌कोपरा तांब्यानं मढवला. मग आम्हाला समोर बसवून वायर जोडली. चिडीचूप. मामांचा चेहरा फुलला. "टाचणी पडली तरी ऐकू यील!"

टाचणी पडली नाही. आतलं गाणं मात्र ओळीच्या मध्येच थांबलं. पदराला हात पुसत मामी दारात आल्या.

"अवो, करंट गेला व्हय?"

"न्हाय. हाय की."

"मग मोटार बंद पडल्यागत का वाटालंय?"

मामा मामींकडं बघतच राहिले. मग खाली मान घालून त्यांनी पुन्हा स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि आठ दिवसांचं तांबं संध्याकाळपर्यंत ओरबाडून काढलं. मला त्यांचा फार राग यायचा, या उचापतींचा. त्या संध्याकाळी तो गेला.

आता त्या गिटारीचं सगळं नवं आहे, खोट तेवढी जुनी ठेवलीय. तारांना बोट लागलं की घूं बारीक होतो, हेही मामांच्या ध्यानात आलंय. म्हणून रोज दुपारी ते गिटार मांडीवर घेतात, वायर जोडतात आणि दोन्ही हात बाजूला सतरंजीवर ठेवून बसतात. परवा मी म्हटलं, "मामा, एवढी नटवलीय, एकदा वाजवा तरी." त्यांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. आत मामींचा आवाज वर चढत होता. वयानं थोडा कापत होता, पण सुरात होता. मामांचे हात मी इतक्या वर्षांत कधी रिकामे पाहिले नव्हते.