माझ्या नावाने गेलेले मेसेज

डॉक्टरांनी माझ्या गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्याखाली मारली, मग घोट्यावर. हातोडी मला लागत होती, पण पाय दुसऱ्या कुणाचे तरी असावेत तसे पडून होते. "गियाँ-बारे सिंड्रोम," ते ज्युनिअरला म्हणाले. मग खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले, तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. घाईतले डॉक्टर खुर्ची ओढून बसले की काय ते समजून घ्यावं.

गियाँ-बारे म्हणजे शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच आपल्या नसांवर उलटते. आधी साधेसे जुलाब नाहीतर सर्दी होऊन जाते, आपण ते विसरूनही जातो, आणि मग एक दिवस पायांतून ताकद निघून जाते. "यह नीचे से ऊपर चढ़ेगा," डॉक्टर म्हणाले. "पैर, फिर हाथ, हो सकता है साँस भी। फिर जैसे चढ़ा है, वैसे ही उतरेगा। हमें बस बीच का वक़्त निकालना है।"

त्या मधल्या काळाबद्दल मी लिहिते आहे. तुमच्या घरी कुणावर ही वेळ आली तर उपचारांचं डॉक्टर सांगतीलच. बाकीचं कुणी सांगत नाही.

आम्ही मूळचे नागपूरचे. मी सरकारी कार्यालयात स्टेनो होते, नवरा सुधाकर एका मंत्रालयात. उभी नोकरी देशाच्या राजधानीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढली. तिथे शिंकलं तरी शेजारच्या मिश्राभाभी काढा घेऊन यायच्या आणि मी त्यावर कुरकुर करायचे. मग सगळ्यांसारखा आम्हीही गुडगावात फ्लॅट घेतला. नवी सोसायटी, काचेची लिफ्ट, गेटवर गार्ड. फक्त माणसं यायची राहिली होती. आमच्या मजल्यावर आमचं एकच दार उघडायचं.

लेक सई तेव्हा इंग्लंडमध्ये शिकत होती. आयएसडी परवडायचं नाही, म्हणून फोन फक्त रविवारी. एरवी मोबाईलवर मेसेज, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. आज भाजी काय, थंडी किती, जेवलीस का. आयुष्यभर टाइपरायटर बडवलेल्या बोटांना तो इवलासा कीपॅड काही केल्या जमत नव्हता, पण मी नेटाने शिकले.

पाय गेले त्या सकाळी सुधाकर गार्डला हाक मारायला खाली धावला. मी स्वयंपाकघरात फरशीवर बसले होते. ओट्यावरचा मोबाईल कसाबसा ओढला आणि सईला लिहिलं, "पाय चालत नाहीत. भीती वाटते आहे. फोन कर." मेसेज गेल्याचं फोनने दाखवलं. मग मला उचलून खाली नेलं.

हॉस्पिटलमध्ये लंबर पंक्चर केलं, म्हणजे पाठीच्या मणक्यात सुई घालून पाणी काढलं. नसांना बारीक झटके देऊन एनसीव्ही नावाची तपासणी केली. मग एका श्वासात आकडे मोजायला सांगितले. दर खेपेला मी आधीपेक्षा अलीकडेच थांबू लागले, तसं त्यांनी मला आयसीयूत नेऊन घशात नळी घातली. यंत्र माझ्यासाठी श्वास घेऊ लागलं. नसेतून इम्युनोग्लोब्युलिन सोडलं, म्हणजे निरोगी लोकांच्या रक्तातून काढलेली प्रतिद्रव्यं. कुणाकुणाचं काय काय माझ्यात चाललं होतं, आणि माझं म्हणून एकेक बंद पडत होतं. हात गेले. गाल गेले. रागावायलाही चेहरा लागतो, हे मला तिथे कळलं.

राहिले डोळे आणि कान. केरळच्या एक सिस्टर होत्या, त्यांनी ठरवून दिलं, डोळे वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही. डॉक्टरही रोज वाकून म्हणायचे, "आप सब सुन रही हैं, हम जानते हैं।" त्या एका वाक्यावर मी दिवस काढायचे.

सुधाकर भेटीच्या वेळेत यायचा. मोबाईल बाहेर जमा करावा लागे, म्हणून तो सगळं चिठ्ठीवर उतरवून आणायचा आणि मला वाचून दाखवायचा. पहिल्या चिठ्ठीत सईचा मेसेज होता, "आई, घसा बरा आहे का? बोलू नकोस, मेसेज कर."

मला काहीच कळेना. मग त्याने सांगितलं. "तिची परीक्षा तोंडावर आहे गं. कशाला जिवाला घोर लावायचा? तुझा घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायची मनाई केली आहे, असं सांगितलंय. मेसेज मीच करतो तुझ्या फोनवरून. तू करतेस तसेच."

यात जगावेगळं काही नव्हतं. आमच्या ओळखीत ज्यांची ज्यांची मुलं परदेशात होती, त्या सगळ्या घरांची हीच रीत. बायपास होऊन माणूस घरी आला तरी मुलाला सांगायचे, बाबा जरा दमलेत. मीही अशा आयांची बाजू घेतलेली. पण माझा मेसेज? तो तर गेला होता. पाय चालत नाहीत, भीती वाटते आहे. तो वाचूनही ती घशाचीच चौकशी करत होती? विचारायची काही सोय नव्हती. सुधाकर विचारायचा, "दुखतंय? गरम होतंय?" तेवढ्याचीच उत्तरं डोळ्यांत मावायची.

रोज चिठ्ठी यायची. आज सोसायटीत हळदीकुंकू झालं, मी वाणाला चमचे दिले. आज कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनात जाऊन थालीपीठ खाल्लं. आज मिश्राभाभींना भेटायला लक्ष्मीबाई नगरला गेले. फायलींवर कोरडं टिपण लिहिण्यात ज्याची हयात गेली, त्या माझ्या नवऱ्याला एवढं सुचतं कसं, याचं मला नवल वाटायचं. आणि चिठ्ठ्यांतली ती बाई माझ्यापेक्षा चांगली होती. कुणाला टोचून बोलायची नाही. सोसायटीच्या लिफ्टवरून भांडायची नाही. सईला "जेवलीस का" एकदाच विचारायची. सईही तिला लांबलचक उत्तरं पाठवू लागली होती. मला एवढी लांब कधी आली नव्हती.

एका दुपारी ती बाई आयसीयूच्या काचेबाहेरून गेली. मरून रंगाचा स्वेटर, माझीच पर्स, हातात दोन पिशव्या. चालणं माझंच, डावा पाय जरासा बाहेर टाकायची माझी लकब. तिने आत पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ती आत आली, पलंगाच्या पायथ्याशी टेकली आणि चप्पल काढून आपले पाय चोळू लागली. दमली होती. मी तिच्याकडे बघत राहिले. माझ्या छातीत यंत्र हवा भरत होतं आणि उसासा तिने सोडला.

याला आयसीयू सायकोसिस म्हणतात, हे डॉक्टरांनी पुढे सांगितलं. सतत उजेड, सतत आवाज, झोप नाही. मेंदू शिणतो आणि भलभलतं दाखवतो. गियाँ-बारेत तर हे बऱ्याच जणांना होतं. तुमच्या माणसाला झालं तर त्याला वेड लागलंय असं समजू नका. पण मी खरं सांगते, तेव्हा मला ते भलभलतं वाटलं नाही. मला वाटलं, हिशेब सरळ आहे. बाहेर एक मी धडधाकट आहे, नवऱ्याला आणि लेकीला ती पुरते आहे. मग इथली कुणाला लागते?

ज्या आठवड्यात ट्रॅकिऑस्टॉमी झाली, म्हणजे तोंडातली नळी काढून गळ्याला छिद्र पाडून तिथून बसवली, त्या आठवड्यात सुधाकरने वाचून दाखवलं, "आज सरोजिनी नगरला गेले. मरून स्वेटर घेतला. पाय दुखले, पण मजा आली."

स्वेटरचा रंग मी आधीच पाहिला होता. त्याने लिहिण्याच्या आधी. डॉक्टरांना हे मी नंतर बोलता यायला लागल्यावर सांगितलं, तर ते म्हणाले की अशा अवस्थेत आधी काय आणि नंतर काय हे उलटंपालटं होतं. होत असेल.

त्यानंतरच्या भेटीला सुधाकर आला तो चिठ्ठी हातात चुरगाळून. वाचेना. कॉटचा कठडा धरून उभा राहिला. शेवटी म्हणाला, "सईला तुझ्या फोनवरून दोन मेसेज गेलेत काल. स्वेटरचा मी केला. दुसरा मी केलेला नाही." आणि वाचला, "पाय चालत नाहीत. भीती वाटते आहे. फोन कर."

मी स्वयंपाकघरातून पाठवलेला मेसेज तो. इतके दिवस कुठे होता कुणास ठाऊक. सुधाकरने फोनमध्ये शोधलं, पण त्या फोनमध्ये मोजकेच मेसेज राहायचे आणि जुने पुसले जायचे. पुढे कंपनीत विचारलं, तर तिथला मुलगा म्हणाला, इंटरनॅशनल आहे सर, कभी-कभी अटक जाता है। आमचा विषय तिथे संपला.

सईला मात्र एका तासात दोन आया भेटल्या होत्या. एक बाजारात फिरून आलेली आणि एक पाय गेलेली. तिने सुधाकरचा फोन लावून पाहिला होता, त्याने घाबरून उचलला नव्हता. मग तिने तो दुसरा मेसेज जसाच्या तसा माझ्या फोनवर परत पाठवला होता आणि खाली एकच ओळ लिहिली होती, "आई, तू नक्की कुठे आहेस?"

"काय लिहू?" सुधाकर म्हणाला. इतक्या दिवसांत त्याने मला हे पहिल्यांदा विचारलं.  "तिची परीक्षा दोन आठवड्यांवर आहे. घरीच आहे म्हणून लिहू?"

डोळे खाली.

त्याने चिठ्ठी उलटी केली, सिस्टरकडून पेन मागून घेतलं आणि मोबाईलच्या कीपॅडचं चित्र काढलं. आठ चौकोन, त्यांत अक्षरं. एकेका आकड्यावर पेन ठेवत तो माझ्याकडे बघू लागला.

खरं सांगायचं तर मी थोडा वेळ डोळे हलवलेच नाहीत. पायथ्याशी ती बसली होती, मांडीवर पिशवी. "बाजारात" म्हटलं असतं तर सगळं सुरळीत चाललं असतं. सईने परीक्षा दिली असती, सुधाकरने रोज एक सुखाचा दिवस लिहिला असता, आणि मला हळूहळू काही लागलंच नसतं. ते किती सोपं होतं, हे मी सांगू शकत नाही. पण सईने कुठे आहेस विचारलं होतं, आणि ते तिने मला विचारलं होतं. मला माझी लेक हवी होती. मला फार हवी होती.

चारवर मी डोळे वर केले. जी, एच, आय. आयवर वर. मग आठ. मग परत चार. मग तीन. सुधाकर अक्षरं मांडत गेला आणि मोठ्याने वाचलं, "इथे."

तो बाहेर गेला आणि त्याने तेवढंच पाठवलं. मग फोन वाजला, तेव्हा त्याने तो उचलला आणि तिथल्या बाकावर बसून लेकीजवळ पोटभर रडला. हे मला सिस्टरने सांगितलं.

सई आली. परीक्षा तिने पुढच्या खेपेला दिली आणि जगाचं काहीही बिघडलं नाही. ती आत आली तेव्हा पायथ्याशी बसलेली बाई उठली आणि तिने सईला जागा करून दिली. नंतर मला ती कधी दिसली नाही.

आजार चढला होता तसाच उतरला. आधी चेहरा, मग श्वास, मग खांदे, बोटं. पाय सगळ्यांत शेवटी. फिजिओथेरपीत मी रडले, शिव्या दिल्या, आणि सुधाकर म्हणाला, "चलो, आता खात्री पटली, तूच आहेस." डॉक्टरांचे, सिस्टरांचे आणि ज्यांच्या रक्तातलं औषध मला मिळालं त्या न पाहिलेल्या माणसांचे उपकार मी विसरणार नाही. आणि तुम्हाला एवढंच सांगते, असा माणूस घरात पडला तर त्याच्याशी भरपूर बोला, पण त्याच्या वतीने बोलू नका. आधी त्याला विचारा. डोळे हलत असतील तर तो सांगेल.

पुढच्या हिवाळ्यात काठी घेऊन मी सरोजिनी नगरला गेले. सुधाकर सोबत होता. ढिगातून मरून स्वेटर उचलला तर दुकानदार म्हणाला, "पिछले साल भी तो आप यही ले गई थीं, मैडम।" सरोजिनीत हे ते सगळ्यांनाच म्हणतात. सुधाकर मात्र एकदम दुसरीकडे बघायला लागला. मी म्हटलं, "हाँ भैया, अच्छा चला।"

चहाच्या टपरीपाशी बसून मी माझ्या अंगठ्याने, माझ्या गतीने सईला लिहिलं, "सरोजिनी नगरला आले. मरून स्वेटर घेतला. पाय दुखले, पण मजा आली." आता त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

चहा संपेपर्यंत उत्तर आलं. "आई, किती मस्त! पण तुझा मेसेज दोनदा आलाय."

"परदेशात जातात कधी कधी डबल," सुधाकर म्हणाला.

 मी इथे नव्हते तेव्हा माझं घर, माझी पर्स, माझी लेक तिने सांभाळली, आणि मी परतल्यावर मुकाट्याने उठून जागा दिली. तिचे आभार मानायचे राहून गेले होते. मी पिशवीतून स्वेटर काढून अंगात घातला. तो आतून आधीच उबदार होता.