चार तासांची वाट

तिसगावच्या मोटार अड्ड्यावर आईने भाकरीचं फडकं माझ्या हातात दिलं तेव्हा ते गरम होतं. आदल्या दिवशीच तिने विचारलं होतं, "कराची किती लांब?" मैल सांगून तिला उपयोग नव्हता. मोटार, आगगाडी, मुंबईहून आगबोट, असा हिशोब करून मी म्हणालो, "सात जेवणं." तिने सात वेळच्या तीळ लावलेल्या भाकरी बांधल्या. पाथर्डीच्या बाजारालाही ती अशीच जेवणं मोजून जाई.

कराचीत मी बंदरातल्या कचेरीत कारकून झालो. लढाई संपल्यावर मुंबईचं विमान पुन्हा प्रवासी नेऊ लागलं. चौकशी करून मी घरी पत्र लिहिलं : अंतर सुमारे साडेपाचशे मैल, हवेतला वेळ चार तास. आकडे बरोबर होते. दादांनी, म्हणजे थोरल्या भावाने, पत्र वाचून दाखवलं. आई म्हणाली, "म्हंजी एक भाकर बी लागायची न्हाई! नगरला बैलगाडीनं जायला याच्याहून लई येळ लागतो." शेजारची सारजाकाकू हसली, "मंग बलव की जेवायला. कालवण निवायच्या आत यील." पुढच्या पत्रात दादांनी हे लिहिलं होतं. मीही हसलो. खुलासा केला नाही.

त्या उन्हाळ्यात तार आली : आई अत्यवस्थ. सोमवारी सकाळी दहाला माझ्या हातात पडली. विमानात जागा मिळाली ती गुरुवारची. सकाळी सातला निघालो. मी घड्याळ लावून बसलो होतो. तीन तास पन्नास मिनिटांत मुंबई. मग रात्रीची गाडी, दौंडला बदल, नगर, मोटार. शुक्रवारी अकराला गावात उतरलो. तार मिळाल्यापासून सत्त्याण्णव तास झाले होते.

बुधवारी संध्याकाळीच माती दिली होती. दादा मला ख्रिस्ती देवळामागच्या कबरस्तानात घेऊन गेले. ढेकळं अजून ओली होती.

मी विचारलं, "तार आधी का नाही केली?"

दादा म्हणाले, "आठ दिस ताप हुता. मी रोज म्हनायचो, शिमोनला तार करतो. ती म्हनायची, कशाला त्याचा रोजगार बुडवता? चार तासांवर तर हाय त्यो. लईच झालं तर कळवू. शेवटी बोलनं बंद झालं, तवा मी नगरला पळालो."

दादांनी मला दोष दिला नाही. वहिनींनीही नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

कराचीत आपली पुष्कळ मंडळी आहेत, म्हणून हे लिहितो. घरी पत्र लिहाल तेव्हा नुसता हवेतला वेळ कळवू नका. तारेला किती, तिकिटाला किती, मुंबईनंतर किती, सगळं लिहा. म्हातारी माणसं आपल्या आकड्यावर विसंबून असतात.

परतताना मी आगबोटीनेच आलो. निघायच्या सकाळी चुलीपाशी बसलेल्या वहिनींनी विचारलं, "भावजी, भाकरी किती बांधू?"

"सात वेळच्या," मी म्हणालो.

त्यांनी मोजून बांधल्या. इथे माझी धाकटी मुलगी विचारते, आपलं गाव किती लांब? तिला मी तोच आकडा सांगतो.