माशाच्या पेटीतला हॅडॉक

साप पाळणाऱ्या माणसांबद्दल माझं मत कधीच चांगलं नव्हतं, आणि ते मी शेजारच्या नेव्हिल ब्लँचर्डला, साप आणला त्या दिवशीच, कुंपणावरून तोंडावर सांगितलं होतं.

"मॅल, साप माझा नाही, पोरीचा आहे," तो म्हणाला. "मी नुसता ड्रायव्हर."

माझं नाव मालन. लग्न होऊन इंग्लंडात, ग्रिम्सबी बंदराला आले तेव्हापासून नेव्हिलच्या आणि माझ्या घरात एकच विटांची भिंत आहे, आणि तेव्हापासून तो मला मॅल म्हणतो. तो माशांची व्हॅन चालवायचा. पहाटे गोदीवर माल भरायचा आणि शेफील्डपर्यंत जाऊन गल्लोगल्ली घंटा वाजवत विकायचा. घरी आला की कपड्यांना बर्फाचा आणि माशांचा वास. मॉरीन, त्याची बायको, त्याला मागच्या दारानेच आत घ्यायची.

मॉरीन वारली तेव्हा त्यांची ब्रायनी शाळेत होती. पोरगी बोलेनाशीच झाली. महिनाभर आर्जवं केल्यावर, तुला काय हवं ते सांग असं नेव्हिल म्हणाला, तर म्हणाली, साप. दुसऱ्या कुठल्या बापाने कुत्र्याचं पिल्लू आणून वेळ मारून नेली असती. याने साप आणला. नारिंगी, बिनविषारी, तेव्हा बुटाच्या नाडीएवढा. नाव नेव्हिलनेच ठेवलं, हॅडॉक. आमच्या गावात या माशाच्या वर कुणाला मान नाही.

मॉरीनचं ड्रेसिंग टेबल मोडून त्याने सापाला घर बांधलं. पुढे सरकत्या काचा, त्यांना कुलूप, कारण साप दिवसभर नाक घासून फट शोधतो आणि सापडली की निघालाच. एका टोकाला खालून ऊब देणारी चटई, तिचं तापमान मोजणारं यंत्र, दुसरं टोक गार, आणि दोन्हीकडे लपायला पालथी कुंडी. "लपायला मिळालं की तो खूश," नेव्हिल मला समजावायचा. "दिवसेंदिवस दिसत नाही. दिसला नाही म्हणजे बरा आहे समजायचं." फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी गोठवलेले उंदीर असायचे. मी त्या घरात चहासुद्धा घ्यायची नाही. पण ब्रायनी बोलायला लागली, आधी सापाशी, मग बापाशी, मग माझ्याशी. माझ्या मुलांनी शिकवलं म्हणून मला ती मावशी म्हणते.

पोरगी शेफील्डला शिकायला गेली तेव्हा हॅडॉकही गेला. वसतिगृहात चालत नाही म्हणून तिने आणखी तिघींबरोबर भाड्याचं घर घेतलं. प्रत्येक सुट्टीला साप घरी यायचा आणि सुट्टी संपली की परत जायचा. त्याची पेटी हे नेव्हिलचं खरं कौतुकाचं काम. मासे न्यायची पांढरी थर्माकोलची पेटी घ्यायची. बाजूने पेन्सिलीने भोकं पाडायची. साप उशीच्या अभ्र्यात घालायचा, तोंडाला पीळ देऊन गाठ मारायची, अभ्रा झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, डबा पेटीत. हात शेकायची गरम पुडी वर्तमानपत्रात गुंडाळून डब्याच्या बाहेर, सापाला लागेल अशी कधीच नाही. प्रवासाआधी आठवडाभर खायला द्यायचं नाही.

"मासा गार ठेवते तीच पेटी सापाला गरम ठेवते," तो म्हणायचा. "पेटीला काय, तिला जे द्याल ते ती सांभाळते."

पेटीवर मासेवाल्याचं नाव छापलेलं असायचं. एकदा ती आगगाडीने येत होती तेव्हा तिकीट तपासणाऱ्याने विचारलं, आत काय आहे. "हॅडॉक," ब्रायनी म्हणाली. त्याने विचारलं, ताजा आहे का. ती म्हणाली, एकदम. ही गोष्ट नेव्हिलने गल्लीत इतक्यांदा सांगितली की पाठ झाली सगळ्यांना.

तिसऱ्या वर्षी ते भाड्याचं घर विकलं गेलं आणि नवा मालक आला. साप किंवा खोली, एक काय ते ठरव, म्हणाला. नाताळच्या सुट्टीत नेव्हिल दोघांना आणायला गेला. ठरलं असं की हॅडॉक आता बापाकडेच राहील, आणि जानेवारीत पोरगी एकटी परत जाऊन शेवटची परीक्षा देईल. येताना नेव्हिल रस्ता चुकला. उभा जन्म ज्या रस्त्यावर व्हॅन चालवली तो रस्ता सोडून भलत्याच गावात नेऊन गाडी उभी केली. ब्रायनीने मला हसत हसत सांगितलं. मीही हसले.

त्या सुट्टीत ब्रायनी माशांच्या कारखान्यात दिवसपाळीला लागली. आणि आठवड्याभरात हॅडॉक आजारी पडला. तोंड वर करून बसायचा, श्वास घेताना शिट्टी वाजायची, ओठांशी बुडबुडे. लिंकनला सापांचा डॉक्टर आहे. पेटी निघाली, नेव्हिलने ती नेहमीसारखी भरली, आणि गाडी मी चालवली, कारण रस्ता चुकण्याची गोष्ट माझ्या डोक्यात होती.

"थंडी लागलीय याला," डॉक्टर म्हणाला. "एका दिवसाची नाही. बरेच दिवस गारठ्यात राहिलाय."

नेव्हिल रागाने लाल झाला. "गारठ्यात? मी रोज संध्याकाळी काचेला हात लावून बघतो. गरम असते."

ते खरं होतं. मीच दारातून बघितलं होतं त्याला. ब्रायनीने नवं यंत्र आणलं, घर खिडकीपासून आत सरकवलं, वर जुनं ब्लँकेट टाकलं. संध्याकाळी कामावरून आली की बघायची, तर सगळं जिथल्या तिथे, गरम. सापाची शिट्टी मात्र वाढतच होती. "माझंच चुकलं, मावशी," ती म्हणायची. "प्रवासातच गारठला असणार. आता मी याला इथे कुणाच्या भरवशावर टाकून जाऊ?" हे शेवटचं वाक्य ती हळू म्हणायची, कारण भिंत एकच आहे.

नेव्हिलने तर कहरच केला. सापाच्या घराच्या, म्हणजे त्या चटईच्या, बटणावर निळी चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर जाड अक्षरात लिहिलं, हात लावू नये. मला बोलावून दारातूनच दाखवलं.

"मॅल, माझ्या घरात आलीस तर या बटणाला शिवायचं नाही."

"मी तुझ्या सापाच्या खोलीत तरी पाय ठेवीन का?"

"तरी सांगून ठेवतो. हॅडॉकचा जीव आहे त्याच्यावर."

इथे मॉरीनची एक गोष्ट सांगायला हवी. ती लहान असताना तिचं घर हीटरमुळे जळालं होतं. त्यामुळे घराबाहेर पडताना प्रत्येक भिंतीवरचं प्रत्येक बटण बंद झालं पाहिजे, असा तिचा खाक्या होता. दारात उभी राहून ती ओरडायची, "बटणं, नेव्ह!" आणि हा कोट घालून खोली खोली फिरायचा. परत आलं की पुन्हा फेरी, सगळी चालू. मॉरीन गेली, फेरी राहिली. सापाचं तेवढं एक बटण तो बरोबर सोडायचा. इतकी वर्षं कधी चुकला नाही.

नवीन वर्ष लागलं त्या आठवड्यात कारखान्याचं यंत्र बिघडलं आणि पाळीला दुपारच्या आत घरी सोडलं. ब्रायनी किल्ली विसरली होती, म्हणून माझ्याकडे आली. माझ्याकडे त्यांच्या मागच्या दाराची किल्ली असते. आम्ही दोघी स्वयंपाकघरातून आत शिरलो तर नेव्हिल कोट-टोपी घालून बाहेर जायच्या तयारीत होता. त्याची फेरी चालली होती. किटलीचं बटण, टीव्हीचं, दिव्याचं. मग तो सापाच्या घराशी वाकला. निळ्या पट्टीचं टोक नखाने उचललं, हळूच, फाटू नये अशा बेताने अर्धी सोडवली. बटण बंद केलं. पट्टी परत ताणून बसवली आणि अंगठ्याने दोनदा घासली.

ब्रायनीने माझं मनगट धरलं होतं ते अजून दुखतं असं वाटतं.

"डॅड, काय केलंस?"

तो वळला. जराही दचकला नाही. "अगं, आज लवकर? मी जरा चालून येतो."

"ते बटण."

"कुठलं?" त्याने पट्टीकडे बघितलं, मोठ्याने वाचलं, आणि मग तिच्याकडे बघून जरा रागावूनच म्हणाला, "मी कशाला हात लावीन? मीच तर लिहिलंय." टोपी नीट करून तो गेला. जाता जाता दारातून आत बघून म्हणाला, "झाली गं सगळी बंद." आमच्याकडे बघत नव्हता. जिथे मॉरीन उभी राहायची तिथे बघत होता.

ब्रायनी जमिनीवर बसली. मी बटण चालू केलं. सापाच्या खोलीत पहिल्यांदाच गेले होते मी. ती रडली नाही. म्हणाली, "रोज, मावशी. मी गेल्यावर रोज, आणि मग तासन्‌तास बाहेर. आणि मी यायच्या आत परत चालू." डॉक्टरचा राग आला, मॉरीनचा राग आला, मेलेल्या माणसाचा राग यावा इतकी मी वैतागले होते. नेव्हिलचा येईना.

दोन दिवसांनी पुन्हा लिंकनला निघालो. नेव्हिलला सर्दी होती, तो घरीच राहिला. पण पेटी त्यानेच भरली. अभ्रा, पीळ, गाठ, डबा, वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी, झाकणावर हलकी थाप. एक गोष्ट विसरला नाही, एक मागेपुढे केली नाही. मी बघत उभी होते आणि नेव्हिलबद्दल मनात आशा धरत होते, मूर्खासारखी. मार्केट रेझन गावाच्या अलीकडे ब्रायनी म्हणाली, शिट्टी ऐकू येत नाही. गाडी बाजूला घेतली. तिने गाठ सोडली. पेटी आत छान उबदार होती.

मोठ्या गाड्या जात होत्या, आमची गाडी हलत होती.

"त्याला काय सांगू?" ती म्हणाली. "एक सांगितलं की दुसरं सांगावं लागेल. गेला म्हटलं की कशाने ते विचारेल."

"नको सांगू."

"आणि उद्या? मावशी, आज साप होता. उद्या गॅस असेल, परवा तो स्वतः असेल. मी परत कशी जाऊ?"

मी म्हणाले, मी आहे ना शेजारी. तिने माझ्याकडे बघितलं, आणि मी काय बोलले ते मलाच खोटं वाटलं. हॅडॉकला माझ्या बागेत पुरलं, त्याच पेटीत. मी, साप पुरला.

आमच्या, माणसांच्या डॉक्टरने नेव्हिलला एक पत्ता लक्षात ठेवायला सांगितला आणि थोड्या वेळाने विचारला. तो त्याला सांगता आला नाही. त्याऐवजी शेफील्डच्या गल्ल्या ओळीने सांगितल्या, कोणत्या दारात कोणता मासा, अगदी बिनचूक. डॉक्टर म्हणाला, यावर औषध नाही, फक्त सोबत द्या. ब्रायनीने विद्यापीठाला वर्षभर थांबते म्हणून कळवलं. वर्षभरात काही बरं व्हायचं नाही हे तिलाही माहीत आहे. आता ती कारखान्यात रात्रपाळी करते आणि दिवसा त्याला सांभाळते. वय एकवीस. चेहऱ्याकडे बघवत नाही.

सापाचं घर आहे तिथेच आहे. नेव्हिल बाहेर पडताना पट्टी सोडवतो, बटण बंद करतो, पट्टी लावतो. परत आला की चालू करतो. ब्रायनी त्याला एका शब्दाने अडवत नाही. मी काल सूप घेऊन गेले तेव्हा तो नुकताच फिरून आला होता. फेरी झाली आणि तो काचेसमोर वाकून बसला.

"हॅडॉक दिसत नाही गं."

"लपलाय, डॅड," ती म्हणाली. भांडी घासत होती, मान वर केली नाही.

त्याने काचेला हात लावला आणि ऊब चढेपर्यंत तसाच धरून ठेवला.

"गरम आहे," तो मला म्हणाला. "म्हणजे बरा आहे."