दोन तंगड्या, तीन मानकरी

सोलापुरात गिरणीच्या मागच्या वस्तीत मायाक्काला ओळखत नव्हतं असं कुणी नव्हतं, पण तिच्याशी बोलत मात्र कुणीच नव्हतं. दोन वर्षं झाली, तिच्या नवऱ्याचं, बिरप्पाचं, घर वाळीत होतं. त्यानं केलं काय होतं? चराईच्या भांडणात पंचांना डावलून तो सरळ सरकारी कचेरीत गेला होता. त्यापायी चराई बंद झाली, मेंढरं गेली, बिरप्पा गिरणीच्या फाटकावर रखवालीला लागला आणि त्याची ही बायको एका गोऱ्या सायबाच्या बंगल्यावर भांडी घासायला, मसाला वाटायला जाऊ लागली. मूळची बोलकी बाई. माणसं बोलेनात, तेव्हा ती पाट्यावरच्या मिरचीशी भांडायची, नाहीतर दारातल्या कोंबडीशी.

पण एका गोष्टीनं तिचीही बोलती बंद केली होती. लेक फुलाबाई वळसंगला दिलेली, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. आणि सासूचा निरोप असा की, "वाळीतल्या घरात आमची सून बाळंतपणाला जायाची न्हाय. तितं तिला पाणी तरी कोण दील?"

शेवटी बिरप्पानं पंचांपुढं पागोटं ठेवलं. पंच म्हणाले, जेवायला येतो. तिघं पंच पोटभर जेवून उठले, की बिरप्पा जातीत आला. एकानं जरी अर्ध्या ताटावरून हात धुतला, तरी सगळं तिथंच संपलं.

आता पंगत म्हटली की कोंबडी आली आणि कोंबडी म्हटली की तंगडी आली. तंगडी मानकऱ्याची. ती कुणाला वाढली, कुणाला पाठीच्या फाकेवर भागवलं, हे लोक आपल्या पोरांच्या नावापेक्षा जास्त ध्यानात ठेवायचे.

"अवो, कोंबडी एकच हाय," मायाक्का नवऱ्याला म्हणाली.

"दुसरी बघ की कुटंतरी."

"कोण देतंय आपल्याला? मला लांबनं बघितलं तरी ती शेजारची केराबाई खुराड्याला कडी घालती."

"मग गं?"

"मग काय मग! पाय दोन, मानकरी तीन. तिसऱ्याला काय तुमची तंगडी वाढू?"

एरवी बिरप्पा हसला असता. आता तो काठी उचलून गिरणीच्या फाटकाकडं चालू लागला.

मायाक्काला वाट सापडली ती बंगल्यावर मसाला वाटताना. मड्डम इकडं येण्याआधी मेक्सिको नावाच्या मुलखात राहिलेली. तिथलं एक कालवण ती नेहमी करवून घ्यायची. कोंबडी अख्खी उकडायची, जेवायच्या काट्यांनी ओढून तिचा धागा धागा सुटा करायचा आणि वाळक्या मिरच्या, लसूण, जिरं वाटून लालभडक टमाट्याच्या रश्शात तो शिजवायचा. मड्डम नाकातून सांगायची, "मायाका, हाड नको. मेक्सिकोमधे असाच करते. हाड नको, भांडन नको, पोरं चूप!"

भांडन नको. मायाक्काचा वरवंटा जागच्या जागी थांबला.

तिनं मड्डमला विचारून बागेतले टमाटे ओटीत आणले. जेवणाच्या दिवशी अंगणात तीन दगड मांडून कोंबडी उकडली. काटे कुठले असायला, तिनं बोटांनीच गरम मांस सोडवलं. तंगडी, छाती, पाठ, सगळं एकात एक कालवलं. "आता तुझी तुला तरी वळखू येती का गं?" तिनं पातेल्याला विचारलं. हाडं मात्र गाडग्यात झाकून आत ठेवली. उकिरड्यावर टाकली असती तर कुत्र्यांनी ओढत पंचांसमोर आणली असती.

दुपारी पंच आले. पुढं सिद्धाप्पा, अक्कलकोटकडचा, अर्धं कानडी बोलणारा. मागं धुळाप्पा, एक गोष्ट दोनदा सांगणारा. शेवटी लायाप्पा, खाकरल्याशिवाय ज्याच्या तोंडातून शब्द फुटत नसे. अंगणात ताटं वाढली. मायाक्का आत गोणपाटाच्या पडद्याआड बसली.

पहिला घास झाला. सिद्धाप्पानं कालवणात बोट फिरवलं. "येन इदु? काय हाय हे?"

"कोंबडी हाय, मामा," बिरप्पा म्हणाला.

"कोंबडी? कोंबडी? मग हाडं कुटं हायत? हाडं कुटं?" धुळाप्पानं ताट उजेडाकडं कलतं केलं.

लायाप्पा खाकरला. "अहं... बिनहाडाचं काय शिजवलंस, बिरप्पा? कावळा न्हाय न्हवं?"

तीन हात ताटावर थांबले. सिद्धाप्पानं मांडी मोडली आणि उठायला एक गुडघा वर घेतला.

मायाक्कानं गाडगं पडद्याखालून बाहेर सरकवलं, आणि सरकवल्याबरोबर तिला कळलं की आपण काय करून बसलो. लायाप्पानं आत हात घातला आणि नेमकं लांब हाड वर काढलं.

"अहं... कोंबडीच हाय बाबा. पर ही तंगडी. हिचं मांस कुणाच्या ताटात गेलं?"

एकाचं नाव घेतलं की दोघं उठणार. कुणाच्याच नाही म्हटलं तर तिघं. बिरप्पानं तोंड उघडलं, "ते... मामा... त्येचं असं..." आणि पडद्याकडं बघितलं. मायाक्काला वळसंगच्या घरातली फुली दिसली, पोटावर हात धरून दारात बसलेली.

"मामा," ती आतून म्हणाली, आवाज खाली ठेवून. "मी बाईमाणूस, मला काय कळतंय? ज्यानं आजवर मानाची तंगडी खाल्ली, त्येला चवीवरनं कळंलच की."

मग सिद्धाप्पाचा गुडघा हळूहळू खाली आला. त्यानं घास घेतला, डोळे मिटून चावला. "हौदु, व्हय. हितं हाय. माझ्या ताटात."

"तुमच्या? तुमच्या? मग हे काय हाय? हे काय?" धुळाप्पानं मोठा घास कोंबला. "तंगडीच! तंगडीच की!"

लायाप्पा तर खाकरायलाही थांबला नाही. "तुमी दोगं बरगडी खाताय. तंगडी कशी असती ते मला इच्यारा."

मग चवीची परीक्षा सुरू झाली. एका घासानं ठरेना म्हणून दुसरा, दुसऱ्यानं ठरेना म्हणून भाकरी. मिरची नाकाडोळ्यांतून वाहू लागली, तरी आधी पाण्याला हात कोण लावणार? "वाढ गं!" सिद्धाप्पा ओरडला. बिरप्पा धावला.

सिद्धाप्पाचं ताट पुसलं गेलं. धुळाप्पाचं पुसलं गेलं. लायाप्पाच्या ताटात एक घास राहिला आणि त्याला ठसका लागला. डोळे पांढरे झाले. हात तांब्याकडं गेला, ताटावर आला. आता धुतो की काय! मायाक्कानं गोणपाट मुठीत आवळलं. लायाप्पानं घोटभर पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला, भाकरीच्या तुकड्यानं ताट निपटून काढलं आणि तुकडा तोंडात टाकला.

"बिरप्पा," सिद्धाप्पा ढेकर देऊन म्हणाला, "पान आण."

मायाक्का पानाचं तबक घेऊन स्वतःच बाहेर आली. डोक्यावरचा पदर सावरत तिनं ते पंचांपुढं ठेवलं. पान तोंडात घालून तिघं निघाले, ते वाटेतही एकमेकांचं ऐकेनात. "माझ्या ताटात! माझ्या ताटात!" धुळाप्पाचा आवाज बोळाच्या वळणापर्यंत येत राहिला.

बिरप्पा मटकन खाली बसला. "खरं सांग गं, तंगडी गेली कुणाच्या ताटात?"

"बसताय काय? उठा!" मायाक्कानं त्याचं घोंगडं त्याच्या अंगावर फेकलं. "वळसंगला जाणारी बैलगाडी हाय का बघा आधी. फुलीला म्हणावं, आयनं बोलावलंय."