चौथी रेघ

आमचा दादा पायाला भिंगरी लावूनच जन्माला आलेला आहे. जेवायला बसला तरी त्याचा उजवा पाय जमिनीवर ब्रेक दाबत असतो. वहिनी म्हणतात, "अहो, ताट पुढे पळतंय का?" तो म्हणतो, "सवय गं," आणि पाय चालूच. चाळीस वर्षं लोकांच्या गाड्या थांबवण्यात घालवली, पण हा पठ्ठ्या स्वतः मिनिटभर थांबेल तर शपथ.

त्याच्या गॅरेजमध्ये फक्त ब्रेकचं काम होतं. इंजिनाचं दुखणं घेऊन कोणी आला तर मीच दारातून परत पाठवते. टेबल आणि फोन माझ्याकडे. बारा वर्षांपूर्वी संसार मोडून मी दादाच्या दारात आले तेव्हा त्यानं का, कसं, काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी गॅरेजात टेबलाशी एक खुर्ची मांडली आणि म्हणाला, "ठिणगे, फोन वाजला की उचलायचा." मी तोंडाची फटकळ, म्हणून लहानपणापासून त्याची ठिणगी. गिऱ्हाइकं दादाला घाबरत नाहीत, मला घाबरतात.

त्याचं काम बघत राहावं असं असतं. चाक काढलं की आतली लोखंडी चकती, म्हणजे डिस्क, मापी लावून तीन ठिकाणी मोजणार. किती झिजेपर्यंत चालेल ते तिच्या काठावरच कोरलेलं असतं. त्याच्या खाली गेली की गिऱ्हाइकानं कितीही गयावया केली तरी तो ती परत बसवत नाही. नवी डिस्क बसवण्याआधी मागची बैठक तारेच्या ब्रशनं घासून लख्ख करणार, कारण गंजाचा एवढासा खडा राहिला तरी पुढे पेडल थरथरतं. नव्या डिस्कला लावलेलं तेल दोनदा पुसणार. मग डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडणारा कॅलिपर चढवायचा. तो ज्या बैठकीवर बसतो तिला प्रत्येक चाकामागे दोन मोठे बोल्ट असतात, म्हणजे पुढच्या दोन चाकांचे मिळून चार. या चार बोल्टांवर दादाचा सगळा धर्म उभा आहे.

बोल्ट आधी हातानं फिरवून बसवायचा. मग टॉर्क पाना लावायचा. पुरेसा आवळला गेला की पाना 'टक्' असा आवाज करतो. टक् झालं की लगेच, दुसरं काही करायच्या आत, बोल्टावरून बाजूच्या लोखंडावर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची. रेघ आहे म्हणजे बोल्ट आवळलेला आहे. रेघ नाही म्हणजे नाही. तिसरी गोष्ट नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक कारागीर होता, हाताचा इतका चांगला की दादा त्याच्यावर गॅरेज सोडून जायचा. एकदा घाईत त्यानं चारही रेघा आधी मारून ठेवल्या आणि मग बोल्ट आवळत बसला. आवळले सगळे. एकही सुटला नाही. पण दादानं पाहिलं आणि नऊ वर्षं राबलेल्या माणसाला त्याच दिवशी कायमचं घरी पाठवलं. मी खूप भांडले. दादा म्हणाला, "रेघ खोटी झाली की माझ्याकडे उरलं काय?"

आता त्या दिवसाचं सांगते. माझी भाची, दादाची एकुलती एक, घाटापलीकडच्या शाळेत बदली होऊन निघाली होती. बिऱ्हाड लावून द्यायला वहिनी बरोबर जाणार होत्या. गाडीचं पेडल थरथरतंय म्हणून सकाळी दादानं चाक काढलं, तर डिस्क मापाच्या खाली गेलेल्या. "या घेऊन घाट उतरणार होतीस?" असं म्हणून त्यानं पुढच्या दोन्ही डिस्क आणि त्यांना दाबून धरणारे पॅड बदलायला घेतले.

भाची घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होती. ती गेले काही महिने त्याच्या मागे लागली होती, "बाबा, आता पुरे करा. परवा चष्मा कपाळावर होता आणि घरभर शोधत होतात." दादा हसण्यावारी न्यायचा, पण ते त्याला लागायचं. मला कळायचं. नंतर तो प्रत्येक गोष्ट दोनदा बघायचा.

तेवढ्यात फोन वाजला. सुटे भाग देणारा व्यापारी होता. त्यानं दुसऱ्या एका गाडीसाठी भलतेच पॅड पाठवले होते आणि वर आमच्याशीच हुज्जत घालत होता. मी दादाला हाक मारली. तो उठून आत आला आणि फोनवर अडकला. मी बाहेर भाचीजवळ जाऊन उभी राहिले. सहज चाकामागे वाकून पाहिलं, तर एका बाजूला दोन रेघा आणि दुसऱ्या बाजूला एकच. चौथा बोल्ट कोरा.

विसरला, असं माझ्या मनात आलं. देवाशपथ, एवढंच आलं. आता पोरगी बघणार, "बघा बाबा, मी म्हणत नव्हते?" म्हणणार आणि दादाचा चेहरा पडणार. पिवळ्या रंगाच्या डबीत ब्रश होताच. मी पटकन रेघ ओढली. भाची पाठमोरी होती, कोणी पाहिलं नाही.

दादा परत आला, बॅटरी मारून पाहिलं, चारही रेघा दिसल्या, चाकं चढवली. पेडल पाच-सहा वेळा दाबून घट्ट केलं, मागच्या मोकळ्या मैदानात गाडी पळवून थांबवून, पळवून थांबवून आणली आणि किल्ली दिली. सामान भरून, वहिनींच्या साडेतीनशे सूचना ऐकून त्या दोघी साडेबाराला निघाल्या.

एक वाजता आम्ही डबे उघडले. दादाचा पाय चालू होता, पण घास हातातच.

"ठिणगे, मला तीनच टक् आठवतात."

"म्हणजे?"

"चौथ्या बोल्टाला पाना लावल्याचं आठवत नाही. हाताला आठवत नाही. पण रेघ होती. म्हणजे लावलाच असणार."

माझ्या तोंडातला घास तोंडातच राहिला. तो बोल्ट नुसता हातानं बसवलेला होता, आणि त्याच्यावर माझी रेघ होती. गाडीच्या हादऱ्यांनी तो फिरत फिरत बाहेर आला की कॅलिपर चाकात अडकणार. आणि पुढे घाट.

सांगून टाकायला हवं होतं. जीभ एरवी कात्रीसारखी चालते माझी, तेव्हा टाळ्याला चिकटली. मला नऊ वर्षं राबलेला तो कारागीर आठवला. मग ती खुर्ची आठवली. मी एवढंच म्हणाले, "दादा, ऊठ. बघून येऊ."

भाचीला फोन लावला. घंटा वाजून वाजून बंद. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हे दादानंच तिला शिकवलेलं, आणि नेमकं तेवढंच तिनं बापाचं ऐकलेलं. वहिनींचा लावला, तर तो शेजारणीनं उचलला; फोन ठेवलेली पिशवी वहिनी घराच्या दारापाशीच विसरून गेल्या होत्या. धन्य त्या वहिनी!

एकच आशा होती. वहिनींना गाडी लागते. घाटाच्या पायथ्याला पेट्रोलपंप आहे, तिथे गोळी घेऊन पाऊण तास बसल्याशिवाय त्या घाट चढत नाहीत. जॅक, पाना, रंगाची डबी टाकून आम्ही गॅरेजची जुनी व्हॅन काढली. दादा चालवत होता, आणि तो असा सरळ, असा शिस्तीत चालवत होता की मला त्याला ढकलावंसं वाटलं.

"अरे, हाण ना जरा!"

"आपण कुठे आपटलो तर तिला कोण थांबवणार?" तो म्हणाला. थोड्या वेळानं रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "पोरगी बरोबर म्हणते गं. टक् ऐकलं नाही आणि रेघ मारली. रेघ मारल्याचंही आठवत नाही. हात एक करतोय, डोकं दुसरीकडे. असल्या माणसानं लोकांचे ब्रेक करायचे?"

मी काच खाली केली, वर केली, परत खाली केली. आत्ता सांगते, पुढच्या वळणावर सांगते, तो ट्रक गेला की सांगते. प्रत्येक ट्रक गेला. मी भित्री निघाले, दुसरं काय!

पंप दिसला तेव्हा भाचीची गाडी बाहेरच पडत होती. दादानं व्हॅन आडवी घातली. भाची खाली उतरली. "आत्या! काय झालं? कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही. गाडी बाजूला घे."

जॅक लावला, चाक काढलं. चौथा बोल्ट, आणि त्यावर पिवळी रेघ, अखंड, जागच्या जागी. वहिनी म्हणाल्या, "आहे की हो रेघ! उगीच जिवाला घोर." भाचीनं नुसतं कपाळावर हात मारला. दादानं तरीही पाना लावला आणि हलकेच दाबला.

बोल्ट फिरला. पाऊण फेरा फिरला. टक् नाही, काही नाही.

दादा मागे सरकला आणि तिथेच डांबरावर बसला. पाय लांब केलेले, हात मांडीवर, पाना बाजूला. पाय हलत नव्हता. उभ्या जन्मात दादाला असा स्वस्थ बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला, आणि मला तो बघवला नाही.

"पोरी, तू जिंकलीस," तो भाचीला म्हणाला. "उद्यापासून शटर खाली."

"दादा, ती रेघ मी मारली."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. एकदा तोंड उघडलं म्हटल्यावर मी सगळं ओकले. फोन, कोरा बोल्ट, चष्मा, पोरीसमोर त्याची फजिती नको म्हणून मारलेली रेघ, आणि नंतर भीतीनं गप्प बसले तेही. बोलता बोलता मी रडत होते. भाचीचा चेहरा पांढरा पडला होता. वहिनींनी माझा दंड धरला आणि सोडलाच नाही.

"पाना न लावता?" दादानं विचारलं.

"न लावता."

"मग माझं डोकं ठिकाणावर आहे."

"तुझं आहे. माझं नव्हतं."

मला वाटलं आता शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं फडक्यावर थिनर घेतला आणि माझी रेघ पुसली. लोखंड स्वच्छ होईपर्यंत पुसत बसला. मग पाना माझ्या हातात दिला.

"बस खाली. आवळ."

"मी? अरे, मला कुठे..."

"आवळ म्हटलं ना."

बारा वर्षं त्या गॅरेजात काढली, पण पाना मी पहिल्यांदाच धरला. जोर लावला. घामानं हात सटकला, परत धरला. टक् झालं. दादानं ब्रश पुढे केला. मी ओढलेली रेघ वाकडीतिकडी आली. ती त्यानं तशीच राहू दिली. बाकीचे तीन बोल्ट त्यानं स्वतः तपासले, चाक चढवलं आणि भाचीला म्हणाला, "जा. हळू जा. वर पोचलीस की फोन कर." तिनं जाताना त्याला मिठी मारली, आणि मलाही.

परतताना मला राहवेना.

"मला काढणार का रे?"

"काढायला हवं," तो म्हणाला. "त्याला काढलं होतं ना? आणि त्यानं तर सगळे आवळले होते."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. खुर्चीतली उशी तेवढी माझी आहे, बाकी सगळं त्याचंच, असा काहीतरी वेडा हिशेब डोक्यात चालू झाला.

"त्याचा नंबर आहे तुझ्याकडे?"

"कारागिराचा? आहे."

"उद्या सकाळी आल्या आल्या पहिला फोन त्याला लाव."

"काय सांगू?"

समोरचा रस्ता मोकळा होता, तरी दादाचा उजवा पाय ब्रेकवर हलकेच दाबून उठत होता.

"तू काही सांगू नकोस," तो म्हणाला. "लागला की फोन माझ्याकडे दे."