पाव्हण्याचं घर

"पाव्हणा कुठं बसलाय?" कुणाच्या घरात साप निघाला की अव्वा दारातच एवढं विचारायची. सापाचं नाव ती घेत नसे, आम्हालाही घेऊ देत नसे.

आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. माहेर कानडी मुलखातलं, म्हणून सगळी आळी तिला अव्वा म्हणायची. तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेल, ज्याला बघितलं की भीती निम्मी होते.

लेकरं, म्हाताऱ्या आधी बाहेर. एकीनं लांबून सापावर नजर ठेवायची, काठी कुणी उगारायची नाही. भिंतीकडेला घागर आडवी ठेवून अव्वा तिच्यावर पोतं टाकायची, म्हणजे आत अंधार. मग लांब बांबूनं सापाला कडेकडेनं वाट दाखवायची. एकदा माझ्या सासूबाई तिथंच हात जोडून बसल्या, तर म्हणाली, "देवाला मागनं बोलवा, आधी भाईर व्हा." साप अंधारात शिरला की लांबूनच घागरीच्या तोंडावर पाटी सरकवायची, वर पोतं आवळायची आणि निघायची. "येते त्याला घरी पोचवून."

घरी म्हणजे तेरणा नदीच्या काठी, असं आम्ही सगळ्या धरून चाललो होतो.

निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष. गावातले बरेच पुरुष हद्दीपलीकडं सोलापूरकडं गेलेले, त्यांत आमचे हे पण. घरात मी, सासूबाई आणि तान्ही मुलगी. मला दूध नव्हतं. पोरगी जगत होती ती घरामागच्या परड्यातल्या शेळीवर.

एका सकाळी शेळी कडब्यापाशी पडलेली दिसली. तोंड सुजलेलं, जबड्यावर दाताच्या खुणा. दुपारपर्यंत गेली. अव्वा माझ्याजवळ बसून रडली. संध्याकाळी आपल्या म्हशीचं दूध घेऊन आली.

पुढं काही दिवसांनी पलीकडच्या घरात नाग निघाला. मी परड्यात गवऱ्या काढत होते. कुंपणाच्या मागून अव्वा घागर घेऊन आली, आमच्या कडब्यामागं वारूळ होतं तिथं वाकली आणि पोतं सोडलं. नाग सरळ आत गेला. तिनं मान वर केली तर समोर मी.

मी चारचौघांत तोंड न उघडणारी बाई. तरी विचारलं, "अव्वा, तुम्ही नदीवर सोडता ना?"

"नदी म्या कधी म्हणले? त्याच्या घरी म्हणले. त्याचं घर हितंच हाय."

मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "नदीकडं बंदूकवाले बसत्यात गं. मला लई भ्या वाटतंय."

भीती मला कळत होती. मलाही वाटायची. "मग माझ्याच परड्यात का?"

ती पोत्याची घडी घालत राहिली. "दुसरीकडं कुणी जाब इचारला असता. तुझ्या घरात पुरुषमाणूस न्हाय."

शेळीला तिनं सोडलेलाच चावला की दुसरा, ते कोण सांगणार. पण माझ्या पाठीला माणूस नाही हे तिनं हिशोबात धरलं होतं. ज्या बाईच्या भरवशावर मी पोरीला पाळण्यात टाकून पाण्याला जात होते, तिनं.

त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलले नाही. दूध मात्र रोज उंबऱ्यावर ठेवलेलं असे. मी ते आत घेई. पोरीला हवं होतं.

हे परत आले, राज्य बदललं. मग अव्वा लेकीकडं उमरग्याला कायमची जायला निघाली. गाडी जुंपून झाली तरी बसेना. आमच्या बंद दाराशी येऊन म्हणाली, "माझं तोंड बघू नको. लेकराला तेवढं दाव."

मी दाराच्या आत, पोरगी कडेवर. कडी माझ्या हातात होती, ती मी काढली नाही. पोरगी आवाज ओळखून हसली आणि आतून दारावर थापा मारायला लागली. बैलांच्या घुंगरांचा आवाज वेशीपलीकडं गेला तरी ती थापा मारीतच होती.