पेर सुटलं का, पोरी?

"माफ कर वं माय, काम हाये."

एवढं म्हटल्याशिवाय सरांनी धानाच्या रोपाला कधी कात्री लावली नाही. आधी अंगठा आणि तर्जनी खोडाच्या तळाशी न्यायची, तापलेल्या पोराची नाडी बघावी तशी. बोटं हळूहळू वर सरकवत गाठ शोधायची. मग माफी, मग कात्री. रोप खलात गेलं तरी थोडा वेळ चेहरा पडलेलाच. चहा आला की मग माणूस पूर्वपदावर यायचा.

अकोल्याच्या प्रयोगशाळेत मी त्यांच्या हाताखाली लागले, तेव्हा हा सगळा प्रकार मला वेडगळ वाटला. इस्त्रीचा पांढरा कोट, दोन वेण्या आणि परीक्षेत पहिली आल्याचा माज. उंच तर मी होतेच. आज ती मुलगी समोर आली तर आधी तिच्या पाठीत एक धपाटा घालीन आणि मग सांगेन, बाई, कोटाची बटणं एक घर चुकवून लावली आहेस.

एकदा सर वर्गात सांगत होते, "धानाले एक बुरशी लागते. ते बुरशीच जिब्रेलिन नावाचं वाढीचं संप्रेरक तयार करते. मंग रोप भसाभस वाढते, शेजाऱ्यायच्या डोक्यावरून पाह्यते, अन् एक दिवस आडवं होते. जपानी लोकं त्याले खुळं रोप म्हंतेत." सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला. मला वाटलं, नवी साडी नेसलेय म्हणून बघतायत. मी पदर सारखा केला.

तुम्ही म्हणाल, कापसाच्या मुलखात हा धानाचा माणूस आला कुठून? सर अचलपूरचे. घरात कापडाचा धंदा, जेवणात भाकर. लग्न झालं ते भंडाऱ्याकडच्या मुलीशी. भाभींना भाताशिवाय घास उतरेना. "ते रडे, म्हून म्या भात शिकलो," असं सर सांगायचे. कोणी हसलं तर पुढे जोडायचे, "हसू नका. तुमी पगारासाठी शिकून राहिले. माह्यं कारण तुमच्यापेक्षा बरं हाये." माहेरच्या सुवासिक धानाची पुरचुंडी भाभींनी सोबत आणली होती. माणसाच्या छातीला लागेल असं उंच, जुन्या जातीचं धान. दरवर्षी कुंड्यांमध्ये लावायचं आणि दरवर्षी बी राखायचं.

खोड कसं वाढतं ते सर एस.टी.वरून शिकवत. "परतवाड्याच्या स्टँडवर गाडी उभी हाये. ड्रायव्हर ब्रेकवर पाय देऊन बसला हाये. जिब्रेलिन म्हंजे कंडक्टर. पॅसेंजर चढले का तो दोन घंट्या मारते, ड्रायव्हर पाय उचलते, गाडी निघते. म्हंजे काय? पेशीच्या भिंती ढिल्या होतेत, पेशी लांब होतेत, दोन गाठीतलं पेर सुटते." मग बोट वर करून म्हणत, "पण कोण्या वात्रट पोट्ट्यानं पॅसेंजर चढायच्या आधीच घंटी मारली तं? गाडी तं निघते. पॅसेंजर खालीच राह्यते."

तो ड्रायव्हर म्हणजे नेमकं कोण, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. पुढे शास्त्रज्ञांना सापडलं की ते एक प्रथिन आहे, आणि जिब्रेलिन आलं की पेशी त्याची विल्हेवाट लावते. तोवर सर निवृत्त होऊन अमरावतीला आमच्याच गल्लीत राहायला आले होते. सकाळी सकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन दारात हजर. "पोरी, ड्रायव्हर सापडला!" आमच्या ह्यांना वाटलं, सरांची गाडी चोरीला गेली होती की काय.

"पेर सुटलं का?" हा त्यांचा दुसरा मंत्र. प्रबंध कुठवर आला, याला पेर सुटलं का. मुलाचं लग्न जमलं का, याला पेर सुटलं का. मी आजी झाल्याची बातमी द्यायला गेले, तेव्हाही आधी हेच विचारलं. पण मोजमापाच्या बाबतीत मस्करी नाही. नवी असताना मी एकदा पानाच्या टोकापर्यंत पट्टी लावून रोपाची उंची सांगितली होती. सरांनी पान बाजूला केलं. "हे उंची नाई, पोरी. हा तोरा हाये. खोड कुठी हाये ते दाखव." जे दिसलं तेच लिहायचं, एका केसाचाही फरक करायचा नाही. यावरून त्यांनी वरिष्ठांशी भांडणं केली, पण आकडा कधी बदलला नाही.

भाभी गेल्या. कुंड्या सरच लावत राहिले. यंदा साठवणीतल्या बियांना कीड लागली. वाचलं तेवढं सगळं त्यांनी पेरलं आणि रोपं जरा वर आली, तोच त्यांना हृदयाच्या ऑपरेशनसाठी नागपूरला मुलीकडे जावं लागलं. जाताना कुंड्या आमच्या गच्चीवर आणून दिल्या.

"आता इतकंच हाये, पोरी. हे गेलं तं तिच्या माहेरचं काही उरत नाई."

"सर, मी काय आज धान पाहतेय का?"

"नाई. म्हून तं तुले देऊन राहिलो."

ऑपरेशननंतर रोज फोन यायचा. पहिल्या दिवशी आवाज इतका बारीक होता की मी ओळखलाच नाही. "पेर सुटलं का, पोरी?" सवयीचंच विचारणं ते. मी काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण त्या आवाजाला मला काहीतरी गोड द्यायचं होतं. मी म्हणाले, "सुटलं, सर."

"सुटलं? इतक्यात?"

झालं. इथे गप्प बसायचं, तर मी म्हणाले, "चांगलं बोटभर."

 सर म्हणाले, "अमरावतीची हवा मानवली म्हनाची."

खरं तर रोपं होती तशीच बुटकी होती, नुसती पानं. आणि तशीच असायला हवी होती. हे जुन्या जातीचं धान दिवस लहान होईपर्यंत पानंच वाढवतं. आत लोंबी धरली की मगच पेर सुटतं. हे मी स्वतः वर्षानुवर्षं पोरांना शिकवलं. पण रोज फोनवर खोटं वाढवत गेले. बोटभराचं वीतभर झालं. गणपतीनंतर सर म्हणाले, "डॉक्टरनं सुट्टी दिली. आता पोरगी मले अचलपूरच्या जुन्या घरी नेते, जाता जाता तुह्याकडे येतो. पाह्यतो धान."

दुसरी एखादी बाई असती तर घाबरून खरं सांगून मोकळी झाली असती. मी पडले जीवरसायनशास्त्राची. शेंदूरजनाघाटचे संत्रेवाले बागेवर फवारतात ते जिब्रेलिक आम्ल, म्हणजे जिब्रेलिनच, इथल्या कृषी केंद्रात सहज मिळतं. ते पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवावं लागतं. वासानं हे वर आले.

"काय करून राहिली?"

"काही नाही. टॉनिक."

"धानाले का तुले?" यांनी बाटली वाचली आणि चष्मा काढला. "अवं, त्याईनं सारा जलम ह्याच्यात घालवला. त्याईले समजनार नाई का?"

"लांबून बघतील."

आणि मी फवारलं. जरा जास्तच फवारलं, कारण फोनवर वीतभर सांगून बसले होते. रोपं उठली हो! रोज सकाळी बघावं तर वर. फिकट, लांबसडक, शेजाऱ्यांच्या डोक्यावरून पाहणारी. मला त्या वेळी हसूही आलं. पुन्हा एकदा नवी साडी नेसून वर्गात बसल्यासारखं वाटलं.

सर आले. त्यांना जिना चढवेना, म्हणून मी एक कुंडी खाली व्हरांड्यात आणली. सोबत आलेल्या त्यांच्या मुलीनं खुर्ची दिली. त्यांनी लांबून बघितलंच नाही. अंगठा आणि तर्जनी थेट खोडाच्या तळाशी. बोटं वर सरकत गेली. पेर लांबलचक, भिंत पातळ, आत पोकळ. बोटं थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी अंगणातल्या नळाकडे पाहायला लागले.

हातात कात्री नव्हती, तरी ते रोपाला हळूच म्हणाले, "माफ कर वं माय."

मग मान वर करून मला म्हणाले, "छान वाढलं, पोरी."

ज्या माणसानं उभ्या आयुष्यात एक आकडा बदलला नाही, त्यानं माझ्यासाठी बदलला.

पुढच्या वादळवाऱ्यात कुंड्या आडव्या झाल्या. काही रोपं गाठीपाशी मोडली. उरलेल्यांना लोंब्या आल्या, त्या चिमटीत धरल्या की पोचट. नवरात्रात सर अचलपूरलाच वारले. मी तिकडे जाऊन आले. त्यांच्या खोलीत खिडकीशी रिकामी कुंडी धुऊन ठेवलेली होती. बियांची वाट बघत होती ती.

गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे एक कुंडी राहिली होती. अगदी मरतुकडी, दाखवायच्या लायकीची नाही म्हणून मीच मागे सारलेली, फवाराही न मिळालेली. दिवस लहान झाले आणि दिवाळीच्या सुमारास, कोणी न सांगता, तिनं आपलं खोड उचललं. पेर सुटलं. लोंबी आली, भरली, वाकली. मी सवयीनं फोन हातात घेतला आणि ठेवून दिला.

थंडी पडल्यावर सरांची मुलगी बी न्यायला आली. गच्चीवर येऊन तिनं लोंबी हातावर घेतली, वास घेतला. "अम्मीच्या सैपाकघराचा वास. काकू, अब्बा म्हणाले होते, तुमच्याकडचं सगळं धान छान वाढलंय. बाकीच्या कुंड्या कुठे आहेत?"

खरं सांगावं तर सर खोटे पडत होते. न सांगावं तर त्यांचं खोटं मी त्यांच्यामागे राबवत राहणार होते.

"बाकीचं मी घालवलं," मी म्हणाले. "औषध मारून वाढवलं होतं. तुझे अब्बा माझ्यासाठी खोटं बोलले."

ती हसली. "माहीत आहे मला. गाडीत बसल्या बसल्या म्हणाले, पोरीनं घंटी मारली."

"रागावले का गं?"

"छे! खूप हसले." मग तिची नजर लोंबीवर गेली. "आणि मग परतवाडा येईपर्यंत बोललेच नाहीत."

तिनं कात्री माझ्या हातात दिली. मी दोन बोटं खोडाच्या तळाशी नेली. बोटं वर सरकली, गाठ लागली, टणक. सरांसारखी माफी मागायला मी तोंड उघडलं. कात्री बराच वेळ तशीच उघडी राहिली.